एकच क्लब, सतरा हंगाम: रॉब बरो आणि निष्ठेचा हिशेब

आज सुरुवात एका ओळखीच्या नावानं करू. हेडिंग्ली. आपल्याला हे मैदान क्रिकेटमुळे ठाऊक आहे. १९५२ साली विजय हजारे कर्णधार असताना आपले चार गडी शून्यावर बाद झाले, ते तिथेच. १९८६ साली दिलीप वेंगसरकरांनी दुसऱ्या डावात नाबाद १०२ केले आणि आपण कसोटी जिंकली, तीही तिथेच. पण टीव्हीवर क्रिकेट बघताना एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. तिथल्या एका स्टँडच्या पाठीला पाठ लावून दुसरं मैदान आहे. तिथे रग्बी लीग खेळतात. आजचा आपला माणूस त्या पलीकडच्या बाजूचा आहे.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर या माणसाचं मोल कळणार नाही. रग्बी दोन प्रकारची आहे, युनियन आणि लीग. युनियनमध्ये पंधरा खेळाडू, लीगमध्ये तेरा. ही फूट कशावरून पडली? पैशावरून. आणि पैसा तरी किती, तर दिवसाला सहा शिलिंग!

त्याचं असं झालं. उत्तर इंग्लंडमध्ये रग्बी खेळणारे पुष्कळ जण खाणीत नाहीतर गिरणीत काम करायचे. शनिवारी सामना असला की पाळी बुडायची आणि पाळीबरोबर मजुरीही जायची. क्लबांचं म्हणणं साधं होतं: ही बुडालेली मजुरी तरी भरून द्या. लंडनच्या मंडळींनी सांगितलं, खेळ हौसेचा आहे, पैशाचं नाव काढायचं नाही. आता हौस परवडते कोणाला? २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांची बैठक झाली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. लीड्सचा क्लब त्यात पहिल्यापासून होता. युनियनवाल्यांनी हे मनाला इतकं लावून घेतलं की लीग खेळलेल्या माणसाला त्यांचे दरवाजे कायमचे बंद झाले. हा हट्ट अगदी १९९५ पर्यंत टिकला.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की या खेळात ‘निष्ठा’ हा शब्द कधीच फुकटचा नव्हता. घर चालत नसेल तर माणूस निष्ठा कुठून आणणार? लीगचा जन्मच या प्रश्नातून झाला आहे.

आता रॉब बरोकडे येऊ. जन्म २६ सप्टेंबर १९८२, यॉर्कशायरमधल्या पाँटेफ्रॅक्टचा. म्हणजे खाणींच्याच मुलखातला. उंची १६५ सेंटिमीटर, पाच फूट पाच इंच. आपल्या गल्लीत कोणी त्याच्याकडे वळून बघणार नाही. पण रग्बी लीगमध्ये समोरून शंभर-शंभर किलोचे गडी अंगावर येतात. तिथे हा मुलगा २००१ साली, अठराव्या वर्षी, लीड्स ऱ्हायनोजच्या पहिल्या संघात उतरला. २०१७ साली थांबला. सतरा हंगाम, ४९२ सामने, आणि सगळे एकाच क्लबसाठी.

तो आला तेव्हा क्लबची अवस्था काय होती? लीड्सनं शेवटचं अजिंक्यपद जिंकलं होतं १९७२ साली. म्हणजे बरोच्या जन्माच्या आधी. २००४ साली ओल्ड ट्रॅफर्डला ग्रँड फायनल झाली, समोर शेजारचंच ब्रॅडफर्ड. लीड्सनं १६–८ असा सामना जिंकला आणि बत्तीस वर्षांचा दुष्काळ संपला. त्या संघाचा कणा होता क्लबच्या स्वतःच्या तालमीत वाढलेली पोरं: केविन सिनफील्ड, डॅनी मॅग्वायर, जेमी जोन्स-ब्यूकॅनन आणि बरो.

इथे भाबडेपणा नको. ही नुसती मैत्रीची गोष्ट नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुपर लीगमध्ये खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा आली. नुसत्या पैशाच्या जोरावर बाहेरून तारे गोळा करणं अवघड झालं. ज्याच्याकडे घरची पोरं चांगली तयार होती, त्याला फायदा झाला. म्हणजे एका क्लबशी निष्ठा ही मनाची गोष्ट आहेच, पण ती टिकायला व्यवस्थेचा आधार लागतो.

बरोनं एकूण आठ ग्रँड फायनल जिंकल्या: २००४, २००७, २००८, २००९, २०११, २०१२, २०१५ आणि २०१७. मला त्यातली २०११ ची सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या वर्षी लीड्स गुणतक्त्यात पाचवं होतं. आणि बरो सुरुवातीच्या तेरांत नव्हता, बाकावर होता. दहा वर्षं खेळलेल्या माणसाला बाकावर बसवलं की काय होतं, हे तुम्हीआम्ही कचेरीतही पाहतो. चेहरा पडतो, कुजबुज सुरू होते. हा गडी मैदानात उतरला, चेंडू घेतला, एका धिप्पाड गड्याच्या हाताखालून वाकून निसटला आणि जवळजवळ अर्धं मैदान पळत जाऊन ट्राय केला. लीड्सनं सेंट हेलेन्सला ३२–१६ हरवलं आणि सामनावीर बरो.

निष्ठेची खरी परीक्षा ही. क्लब तुम्हाला डोक्यावर घेतो तेव्हा राहणं सोपं असतं. जागा बदलली, मान थोडा कमी झाला, तेव्हा काय करता? २०१५ ला लीड्सनं तिन्ही मोठे किताब जिंकले, आणि पुढच्याच हंगामात संघ नवव्या स्थानावर घसरून वरच्या श्रेणीतली जागा राखण्यासाठी झगडत होता. बरो तेव्हाही तिथेच होता. २०१७ ला कॅसलफर्डला हरवून आठवा किताब, आणि तोच त्याचा अखेरचा सामना.

डिसेंबर २०१९ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्याला मोटर न्यूरॉन डिसीज झाल्याचं निदान झालं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. चालणं, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास, एकेक जातं. पुढे तो डोळ्यांच्या हालचालीनं चालणाऱ्या यंत्रावरून बोलायचा.

आता हिशेबाची दुसरी बाजू. सतरा हंगाम देणाऱ्याला परत काय मिळालं? जानेवारी २०२० मध्ये हेडिंग्ली भरलं आणि तो शेवटची काही मिनिटं खेळला. डिसेंबर २०२० मध्ये सिनफील्ड सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. सातच का? बरोचा क्रमांक सात होता. दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये सिनफील्डनं त्याची चाकाची खुर्ची ढकलली आणि शेवटच्या रेषेपाशी त्याला उचलून घेऊन रेषा ओलांडली.

यात एक गंमत बघा. सिनफील्ड काही एका क्लबचा राहिला नव्हता. २०१५ नंतर तो चक्क युनियन खेळायला गेला, १८९५ च्या त्या भिंतीपलीकडे. कागदावर निष्ठावान बरो आणि सोडून गेलेला सिनफील्ड. पण धावला कोण? म्हणून नुसते सामने मोजून निष्ठा कळत नाही. ४९२ हा आकडा मोठा आहे, पण त्या आकड्यात माणसं जोडली गेली, ती त्याहून मोठी.

२ जून २०२४ रोजी बरो गेला, वय ४१. दुसऱ्याच दिवशी लीड्समध्ये त्याच्या नावाच्या उपचार केंद्राचं बांधकाम सुरू झालं. आता ग्रँड फायनलच्या सामनावीराला त्याच्या नावाचा पुरस्कार देतात.

सहा शिलिंगांवरून सुरू झालेला हा खेळ. तेव्हा प्रश्न होता, खेळणाऱ्याची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? बरोचं जे बुडालं ते भरून देणं कोणाच्याच हातात नव्हतं. पण त्याच्या लोकांनी ते आपलं देणं मानलं. पुढच्या वेळी हेडिंग्लीवर क्रिकेट बघाल, तेव्हा त्या स्टँडच्या मागे काय आहे, ते आठवा.