आठ रुपयांची खाडी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप सेक्रेटरी साहेबांनी पाठवला. मी अकरा वर्षे सोसायटीचा खजिनदार होतो, तेव्हा मी जमाखर्चावरच लिहिणार असे बऱ्याच जणांना वाटले असेल. हिशेबावरच लिहितो आहे, पण तो सोसायटीचा नाही. आपल्या देवगाव फाट्यावरून निघालेल्या एका सायकल सहलीचा आहे.

साल पक्के आठवते. १६ जानेवारी १९७८ ला सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या, त्याच्या आदल्याच आठवड्यात आम्ही परत आलो होतो. आमच्या थैलीतली सर्वांत मोठी नोट शंभराची, म्हणून आम्हाला काही फरक पडला नाही!

आम्ही चौघे. मी बँकेत नवा क्लार्क, एक प्राथमिक शाळेतले गुरुजी, एक पोस्टात आणि चौथा फाट्यावरच्या सायकल दुकानदाराचा मुलगा. चौघांपैकी एकानेही समुद्र पाहिला नव्हता. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांपैकी तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले, ही हकिकत गुरुजींनी कुठेतरी वाचली होती. ते म्हणाले, "ते जग फिरून आले, आपण कोकण तरी पाहू." सायकली एस.टी.च्या टपावर बांधून टप्प्याटप्प्याने कोल्हापूर गाठले आणि तिथून आंबा घाट उतरून रत्नागिरीला पोचलो. पुढे किनाऱ्याने दक्षिणेकडे वेंगुर्ल्यापर्यंत जायचे ठरले होते. सगळ्यांचे पैसे एकत्र करून माझ्याकडे दिले होते. बँकेतला माणूस म्हणून!

रत्नागिरीत थिबा राजाचा वाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढले. १८८६ पासून त्याला इथे ठेवले आणि १९१६ साली तो इथेच वारला. सावरकरांनाही १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवले होते. माणसाला जगापासून दूर ठेवायचे तर इंग्रजांना रत्नागिरीच का सुचली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सायकलवर कळाले. दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. रस्ता सरळ पाण्यात जाऊन संपतो. एक तर होडीची वाट बघा, नाहीतर आत पूल असेल तिथपर्यंत वळसा घाला.

पूर्णगडापाशी मुचकुंदी नदीच्या काठावर बसलो होतो. दुकानदाराचा मुलगा एकदम ओरडला, "आरं, ही नदी उलटी चालायली की!" भरती सुरू झाली होती आणि पाणी समुद्राकडून डोंगराकडे चालले होते. आपली दुधना जानेवारीत जेमतेम वाहते, तीही एकाच दिशेने. ते उलटे पाणी आम्ही अर्धा तास बघत राहिलो.

या उलट्या पाण्यातच कोकणचा इतिहास आहे. भरतीबरोबर गलबते खाडीतून कितीतरी आत जात. म्हणून राजापूर, खारेपाटण ही मोठी बंदरे समुद्रावर नाहीत, आत आहेत. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून तिथे उतरायचा आणि गलबतात चढायचा. इंग्रजांनी १६४९ साली वखार घातली ती राजापूरला आणि शिवाजी महाराजांनी १६६१ साली ती लुटली. बंदर आत असल्यामुळे त्याची राखण खाडीच्या तोंडाशी करावी लागे. ज्याच्या हातात तोंड, त्याच्या हातात व्यापार. पूर्णगड, जैतापूरच्या खाडीवरचा यशवंतगड, वाघोटनच्या खाडीवरचा विजयदुर्ग, देवगड, अशी ही किल्ल्यांची रांग लागते ती त्यामुळे. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, मोटारीचे रस्ते आले आणि मुंबई-गोवा हमरस्ता नद्या अरुंद होतात तिथून, म्हणजे आतून गेला. किनारा मागे पडला.

आता मूळ हिशेबाकडे येतो.

वाघोटनच्या खाडीवर आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. पलीकडे विजयदुर्ग दिसत होता. गुरुजींना दुपारपासून ताप होता. होडीवाल्याने चार माणसे आणि चार सायकलींचे पंधरा रुपये सांगितले. मी म्हणालो, आठ. तो म्हणाला, अंधार पडतो आहे, परत रिकामे यावे लागेल, पंधराच. मी आठावर अडून बसलो. थैलीत पैसे होते, पण वहीत रोजचा खर्च ठरवून ठेवला होता. त्याने मुकाट्याने होडी बांधली आणि घरी गेला. रात्रभर आम्ही धक्क्यावरच्या पडवीत झोपलो. गुरुजी कुडकुडत होते. चौघांची पांघरुणे त्यांच्या अंगावर घातली.

पहाटे तोच होडीवाला आला. हातात तांब्याभर गरम पेज होती. "चला," एवढेच म्हणाला. पलीकडे उतरल्यावर मी आठ रुपये पुढे केले आणि त्याने ते काही न बोलता घेतले. मी वहीत लिहिले, 'खाडी, रु. ८.' आपण सौदा जिंकला असे मला वाटले.

दोन दिवस विजयदुर्गला राहिलो. गुरुजींचा ताप उतरला. किल्ला बघताना ते सांगत होते की १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार इथे जळाले. घरातल्या भांडणात बाहेरच्याला बोलावले की असे होते, असे ते म्हणाले. पुढे मालवणला सिंधुदुर्ग पाहिला. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. दुष्काळी भागातल्या आम्हा माणसांना तटबंदीपेक्षा त्या विहिरींचेच जास्त अप्रूप वाटले. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, "खंयसून इलात?" परभणी म्हटल्यावर त्यांना ते कुठे आहे हे कळाले नाही. वेंगुर्ल्याहून एस.टी.ने परत आलो.

तेव्हा हा सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याच दिवशी जालना जिल्हा झाला आणि आपले शेजारचे मंठा परभणीतून तिकडे गेले. वर्तमानपत्रात दोन्ही बातम्या वाचून पोस्टातला मित्र म्हणाला होता, "बघ, आपण गेलो तो भाग अन् आपला भाग एकाच दिवशी वाटला गेला."

तो मित्र २०११ साली गेला. तेराव्यानंतर वहिनींनी मला त्याचे जुने एच.एम.टी. घड्याळ दाखवले आणि विचारले, "भाऊजी, तुम्हाला हे माहीत आहे का?" मला काहीच माहीत नव्हते. त्या रात्री आम्हाला झोप लागल्यावर तो होडीवाल्याचे घर शोधत गेला होता. सगळे पैसे माझ्याकडे. म्हणून वरच्या सात रुपयांसाठी त्याने मनगटावरचे घड्याळ तारण ठेवले होते आणि सांगितले होते, आमच्या खजिनदाराला बोलू नका, त्याला वाईट वाटेल. परत आल्यावर त्याने सात रुपयांची मनिऑर्डर केली. पंधरा दिवसांनी कापडात शिवलेले पार्सल आले. त्यात घड्याळ होते आणि वर मूठभर आमसुले.

बँकेत मी होतो, तारण त्याने दिले. तेहतीस वर्षे त्याने हे मला कळू दिले नाही. आणि मी मात्र प्रत्येक लग्नकार्यात ती आठ रुपयांची गोष्ट फुशारकीने सांगत होतो. त्याच्यासमोर. तो हसायचा.

वहिनी आपल्याच सोसायटीत राहतात. त्यांना विचारूनच हे लिहिले आहे. खजिनदार असताना मेंटेनन्स उशिरा भरणाऱ्यांना मी एक दिवसाचाही दंड सोडला नाही, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. २०११ नंतर मी आधी दार वाजवून 'घरी सगळे ठीक ना' विचारायला लागलो, हेही काहींच्या लक्षात आले असेल. त्याचे कारण हे आहे.

आपला फाटाही खाडीच्या धक्क्यासारखाच. जिंतूर, मंठा, सेलू, तिन्हीकडून माणसे यायची, घटकाभर थांबायची आणि पुढे जायची. आपण इथे थांबलो, घरे बांधली, त्याला पंचवीस वर्षे झाली. सर्वांना शुभेच्छा.

गेल्या महिन्यात जुनी वही काढली. 'खाडी, रु. ८' मधला आठ खोडून पंधरा केले आणि बाजूला तारीख घालून सही केली. बेरीज सात रुपयांनी चुकते. ती तशीच ठेवली आहे.