धाव आणि टायर



शिरूरहून न्हावऱ्यावरून निघून, पारगावाजवळ भीमा ओलांडून चौफुल्याला जाणारा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. कारखान्याचे गाळप चालू असताना या रस्त्यावर पहाटे उभे राहावे. उसाने वाढे-पाचटासकट लादलेली गाडी अंधारातून अगदी अंगावर येईपर्यंत कळत नाही. बैलांच्या गळ्यातली घुंगरे तेवढी ऐकू येतात. चाकाचा आवाज म्हणाल तर नाहीच. आपल्या आजोबा-पणजोबांची गाडी अर्ध्या कोसावरून ओळखू यायची. लोखंडी धाव खडीवर वाजायची, आसाला वंगण नसले तर चाक ओरडायचे, आणि गाडी कुणाची तेही आवाजावरून बायाबापड्या सांगायच्या. ही चाके मुकी झाली ती रबरी टायर आल्यावर. गाडीचे चाक बदलले तेव्हा त्याबरोबर आणखी काय काय बदलले, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

आधी धाव म्हणजे काय ते मुलांसाठी सांगतो, कारण आता वर्गात विचारले तर ‘धाव’ म्हणजे क्रिकेटमधली, एवढेच उत्तर येते. चाकाच्या मधोमध तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वळणदार पुठ्ठे, आणि या सगळ्याला बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी ती धाव. लाकूड बहुतकरून बाभळीचे. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित आखूड करायची. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, म्हणजे ती पसरते. मग चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची, घणाने बसवायची, आणि लाकूड पेट घेण्याआधी वर पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि तुंब्यापासून पुठ्ठ्यापर्यंतचा सांधा न् सांधा करकचून आवळला जातो. एक खिळा नाही की एक स्क्रू नाही. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला उष्णतेने प्रसरणाचा धडा शिकवताना शिक्षकांनी हे उदाहरण जरूर द्यावे, गावच्या लोहाराला तो धडा पुस्तकाच्या आधीपासून पाठ होता.

उन्हाळ्यात लाकूड वाळले की धाव सैल पडे. मग गाडीवान गाडी घोडनदीच्या नाहीतर भीमेच्या पाण्यात उभी करी. लाकूड फुगले की चाक पुन्हा घट्ट. यालाही पैसा लागत नसे. नवी गाडी रोखीने होई हे खरे, पण आरा बदलणे, पुठ्ठा सांधणे, धाव पुन्हा चढवणे ही डागडुजी सुतार-लोहाराच्या बलुत्यात निघे. सुगीला खळ्यावर धान्य मोजून दिले की वर्षभराची सोय झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

ही आऱ्यांची गाडी आपल्याकडे अनादिकालापासून आहे अशी समजूत असते, तीही तितकी खरी नाही. पेशवाई बुडाली त्या सुमारास दख्खनमध्ये मालाची ने-आण मुख्यतः बैलांच्या पाठीवरून होई. ज्या थोड्या गाड्या होत्या त्यांची चाके भरीव आणि अवजड. १८३० च्या दशकात जमीन मोजणी खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला सुधारलेल्या गाड्या करवून घ्यायला सुरुवात केली, आणि तो नमुना हळूहळू आसपासच्या सुतारांनी उचलला. पुढे १८५८ साली पुण्याला आगगाडी आली, १८६० पर्यंत ती दौंडवरून सोलापूरला पोचली, आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. आगगाडी आल्याने बैलगाडी बसली असे कुणाला वाटेल, पण झाले उलटेच. शिरूरला काही लोहमार्ग आला नाही. तेव्हा तिकडचा माल केडगाव, पाटस, दौंड या स्थानकांवर न्यायचा तर गाडीच जुंपायला हवी. आगगाडीने गाडीला काम दिले. पुढे खडकवासल्याच्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी पाटसपर्यंत आले, बागायत वाढली, आणि गाडीवरचे ओझेही वाढले.

आता जरा दूर जाऊ या, कारण टायरचा जन्म आपल्या मुलखातला नाही. १८४५ साली रॉबर्ट विल्यम टॉमसन नावाच्या स्कॉटिश तरुणाने हवेने भरलेल्या चाकाचा हक्क नोंदवला. त्याची चाके घोडागाडीला बसवली आणि एक जोड बाराशे मैल टिकला असे सांगतात. पण घोडागाडीवाल्यांनी त्यात काही रस घेतला नाही. त्या वेळी रबर महाग, आणि घोड्याला ओढायला हलके जाते एवढ्यासाठी कोण पैसे मोजणार! कल्पना विसरली गेली ती इतकी, की त्रेचाळीस वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच पुन्हा शोधून काढली, तेव्हा त्यांना टॉमसनचे नावही माहीत नव्हते. हे डनलॉप गृहस्थ कोण? जनावरांचे डॉक्टर! लहान मुलगा तीन चाकी सायकलवर फरसबंदीवरून जाताना खडखडतो, हे पाहून त्यांनी रबराची नळी चाकाला गुंडाळली आणि चेंडूत हवा भरायच्या पंपाने तिच्यात हवा भरली.

लोकांचा विश्वास मात्र युक्तिवादाने बसला नाही, तो शर्यतीने बसला. १८८९ च्या मे महिन्यात विली ह्यूम नावाचा सायकलपटू बेलफास्टला डनलॉपचे टायर लावून उतरला. त्या जाड्या चाकांना लोक हसले, आणि त्याने शर्यती जिंकल्या. १८९५ साली मिशेलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची मोटार घातली. वाटेत इतक्या वेळा नळ्या फुटल्या की विचारू नका, पण मोटार परत पोचली आणि पुढची दिशा ठरली. त्याच मिशेलिनने १९४६ साली रेडियल टायरचा हक्क नोंदवला. जुन्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांवर फुली मारल्यासारखे असत. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर पोलादी पट्टा असतो, त्यामुळे वेगात टायर कमी तापतो आणि रस्ता घट्ट धरतो.

शर्यतीच्या गाडीची गोष्ट शिरूर तालुक्याला परकी नाही, दोन्ही अर्थांनी. आपला घाटातला बैलगाडा आहेच. बारी सेकंदांत संपते, भार काही न्यायचा नसतो, तेव्हा गाडा जितका हलका तितका बरा, आणि म्हणून तो लाकडीच राहिला. त्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसेल. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फियाटच्या कारखान्यात २०१५ साली अबार्थ पुंटो नावाची शर्यती बाण्याची मोटार तयार होऊ लागली, शक्ती १४५ अश्वांची. आपल्या बैलजोडीची शक्ती साधारण एक अश्व धरतात, म्हणजे हिशेब करून पाहा! त्या मोटारीच्या टायरवर १९५/५५ आर १६ असा आकडा असे. १९५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ५५ म्हणजे रुंदीच्या शेकडा ५५ इतकी बाजूची उंची, आर म्हणजे रेडियल आणि १६ इंच म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचा व्यास. पुढे भाराचा अंक आणि वेगाचे अक्षर. अशा गाडीला टायर बदलताना दुकानदार सांगेल ते स्वस्तातले घेऊन चालत नाही. भाराचा अंक आणि वेगाचे अक्षर मूळच्यापेक्षा कमी नको, एका आसावरची दोन्ही सारखी हवीत, आणि कडेवर चार अंकांत छापलेला आठवडा आणि वर्ष पाहून टायर किती जुना तेही तपासावे. नक्षी शाबूत असली तरी रबर पडून पडून कडक होते.

हे वेगाचे शास्त्र झाले. उसाच्या गाडीला वेग नाही, तिला नुसता भार आहे. तिच्या टायरचा इतिहास म्हणूनच वेगळा.

डनलॉप कंपनीचा बंगालमधला साहागंजचा कारखाना १९३६ साली सुरू झाला आणि जनावरांच्या गाड्यांचे टायर देशातच होऊ लागले. त्याला एक कारण रस्त्यांचेही होते. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला. कर मोटारवाल्यांनी भरायचा आणि दीड-दोन इंच रुंदीच्या लोखंडी धावांनी तो रस्ता चिरत जायचा, अशी मग तक्रार होऊ लागली. धावेचा सगळा भार एका अरुंद रेघेवर पडतो, हवेचा टायर तो तळव्यासारखा पसरतो. म्हणजे गाडीला टायर लावावा हा आग्रह बैलासाठी होता तितकाच रस्त्यासाठीही होता, कदाचित थोडा अधिकच.

मध्येच महायुद्ध आले. १९४२ साली मलाया जपानच्या हाती गेला, रबर मिळेनासे झाले, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. युद्ध संपले आणि १ जून १९४८ रोजी आपल्या एस. टी. ची पहिली बस अहमदनगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, पुण्याला निघाली ती शिरूरवरूनच. एस. टी. ने आणि मालमोटारींनी खेड्यात आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे जुना टायर. मोटारीचा टायर झिजला की त्यावर नवा थर चढवतात, तोही साधारणपणे मागच्या चाकांना लावतात, कारण पुढचा फुटला तर गाडी हातातून जाते. त्यापुढेही ज्याचे आयुष्य उरते तो बैलगाडीला येतो. पुष्कळ ठिकाणी हवेच्या टायरच्या गाडीला लोक नुसते ‘डनलॉप’ म्हणतात, मग टायर कुठल्या का कंपनीचा असेना. त्या जनावरांच्या डॉक्टरला हा मान ठीकच शोभतो.

बैलाचे मात्र काय झाले? टायर आणि आसातले बेअरिंग यांमुळे गाडी ओढायला फार हलकी झाली, यात शंका नाही. तेवढेच ओझे ठेवले असते तर बैलाचे कष्ट खरोखरच कमी होते. पण ओझे तेवढेच ठेवतो कोण! १९६५ च्या केंद्रीय नियमांतच पाहा. दोन चाकी गाडीसाठी एका मोठ्या बैलाला हवेचे टायर नसतील तर ९०० किलो, टायर असतील तर १३५० किलो, आणि बॉल बेअरिंग असेल तर १८०० किलो अशी मर्यादा घातली आहे. म्हणजे चाक सुधारले त्याचा लाभ कायद्यानेच ओझ्याच्या खात्यावर जमा केला. प्रत्यक्षात गाडीवर ऊस लादताना नियमाचे पुस्तक कोणी उघडत नाही हे निराळेच. बंगलोरच्या व्यवस्थापन संस्थेचे संचालक प्राध्यापक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात बैलगाडीचा मोठा अभ्यास केला. बैलाच्या मानेवरचे जू आणि गाडीला नसलेला ब्रेक या दोन गोष्टींकडे त्यांनी वारंवार लक्ष वेधले. चढावर टायर बैलाला मदत करतो, उतारावर तोच टायर भरलेली गाडी त्याच्या मानेवर ढकलतो. खडखडणारी धाव निदान स्वतःला थोडी अडवीत तरी होती.

आणि ते बलुते. टायर गावात होत नाही, ट्यूब बलुत्यात सांधत नाही. टायर रोखीनेच घ्यावा लागतो, आणि बीड-नगरकडून कोयता घेऊन येणाऱ्या जोडप्याकडे रोख असती तर ते घर सोडून आलेच नसते. म्हणून पुष्कळ कारखान्यांनी टायरगाड्या स्वतःच करून तोडणीवाल्यांना भाड्याने देण्याची पद्धत पाडली. भाडे कमाईतून वळते होते. पूर्वी बैल गाडीवानाचे आणि गाडीही त्याचीच असे, या पद्धतीत बैल त्याचे आणि चाके दुसऱ्याची झाली. मुकादमाची उचल फेडायची, गाडीचे भाडे द्यायचे, तर खेप मोठी केल्यावाचून भागत नाही. बैलावर ओझे लादणारा हात गाडीवानाचा दिसतो, पण त्या हातामागे हा सगळा हिशेब उभा असतो. सुतार-लोहारांचे काय झाले ते आपण गावोगाव पाहतोच. कुणी वेल्डिंगचे दुकान घातले, कुणी पंक्चरचे, पुष्कळांनी गाव सोडले.

ज्यांची गाडी स्वतःची आहे त्यांच्यासाठी दोन शब्द सांगून पुरे करतो. टायर बदलताना दोन्ही एकदम बदलावेत. ते जमत नसेल तर निदान घेर सारखा पाहावा, नाहीतर गाडी एका अंगाला कलते आणि ओझे त्या बाजूच्या बैलाकडे झुकते. हवा दोन्हींत सारखी हवी. सकाळी जुंपण्याआधी हाताने दाबून पाहायला खर्च येत नाही. मोटारीचा उतरलेला टायर घ्यायचा तर वरची नक्षी गेली असली तरी चालेल, कारण बैलगाडीला वेगात वळायचे नसते. पण बाजूला फुगवटा किंवा आतले दोरे दिसत असतील तर तो फुकटही घेऊ नये. उसाने भरलेल्या गाडीचा टायर उतारावर फुटला म्हणजे काय होते, ते या रस्त्याच्या कडेच्या पंक्चरवाल्याला विचारावे. आणि गाडीच्या मागे लाल चकाकणारी पट्टी आठवणीने लावावी, कारण मागून येणाऱ्या मोटारीला ही मुकी चाके ऐकू येत नाहीत.