मिथेनजनक सूक्ष्मजीवांचे नामकरण

पाणथळीतला चिखल, भातखाचरे, जनावरांची पोटे आणि गोबरगॅसच्या टाक्या ही मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची घरे. चेन्नईत अण्णा नगरलगतच्या कोयंबेडूच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात याच जीवांनी तयार केलेल्या वायूपासून वीज मिळते. प्राणवायू त्यांना मारक असतो. त्यामुळे त्यांच्या प्रजाती ओळखण्याचा इतिहास म्हणजे बव्हंशी हवा दूर ठेवण्याच्या कौशल्याचा इतिहास आहे.

१७७६ साली अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी इटलीतील माज्जोरे सरोवराच्या गाळातून उठणारे बुडबुडे गोळा केले आणि तो वायू पेट घेतो हे दाखवले. तो जिवंत सूक्ष्मजीव बनवतात हे एकोणिसाव्या शतकात उमगले, तरी त्यांना एकेकटे वेगळे करणे फार कठीण होते. ‘मेथॅनोबॅक्टेरियम ओमेलियान्स्की’ ही अनेक वर्षे एकच प्रजाती मानली गेली. १९६७ मध्ये मार्विन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी ते दोन जीवांचे साहचर्य असल्याचे सिद्ध केले : एक अल्कोहोलपासून हायड्रोजन सोडतो, दुसरा त्याच हायड्रोजनपासून मिथेन बनवतो. रॉबर्ट हंगेट यांनी प्राणवायूरहित नळीच्या आतल्या भिंतीवर अगारचा पातळ थर देऊन जीव वाढवण्याची पद्धत रूढ केल्यामुळेच असे काटेकोर काम शक्य झाले. १९७७ मध्ये कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून हे जीव जिवाणूंहून वेगळ्या गटाचे, म्हणजे आर्किया, असल्याचे दाखवले.

आज नव्या प्रजातीचे वर्णन करताना शुद्ध संवर्धन, पेशीचा आकार, अन्न, तापमान, आम्लता आणि क्षारता नोंदवतात. जनुकसंचाची तुलनाही होते. ज्ञात प्रजातींशी साम्य सुमारे ९५ टक्क्यांहून कमी असल्यास वेगळेपणा मान्य होतो. प्रमाण संवर्ध दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र हा असाच एक संग्रह. जपानमधील भातखाचरातली ‘मेथॅनोसेला पॅलुडिकोला’ २००८ मध्ये याच वाटेने नामांकित झाली. तिला वेगळे करताना हायड्रोजन एकदम न देता, तो सावकाश सोडणारा जोडीदार जिवाणू सोबत वाढवला गेला.

महाराष्ट्रात या शोधाची दुसरी बाजू पुढे आली. १९४६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर आणि सहकाऱ्यांनी भातशेतीतून आणि पाणथळीतून मिथेन खाणारे जिवाणू वेगळे केले. ‘मेथिलोक्युकुमिस ओरायझी’ आणि ‘मेथिलोलोबस अ‍ॅक्वाटिकस’ ही त्यांतली दोन नावे. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. पाणथळीतून तो किती बाहेर पडेल हे बनवणारे आणि खाणारे या दोन्ही गटांवर अवलंबून असते. म्हणून दोन्हींची अचूक ओळख आवश्यक आहे.