सुवर्णकंदुकाचा पहिला मानकरी

श्रोतेहो, शाळेंतील बक्षीससमारंभ आपण सर्वांनीं पाहिले असतीलच. माझ्या शिक्षकीच्या काळांत फुटबॉलचें बक्षीस दर वर्षीं सर्वांत अधिक गोल करणाऱ्या मुलासच मिळे. त्याच्या पायाशीं चेंडू आणून देणाऱ्या मुलाचें नांव एकदांहि पुकारलें गेलें नाहीं. निवड माझ्याच हातीं होती. तेव्हां दोषहि माझाच. त्याची जाणीव मला स्टॅन्ले मॅथ्यूज ह्या इंग्रज खेळाडूचें चरित्र वाचतांना झाली.

मॅथ्यूजचा जन्म १९१५ सालचा, स्टोक शहराच्या हॅन्ले भागांतला. वडील न्हावी होते, मुष्टियुद्धहि खेळत. मैदानाच्या उजव्या कडेनें चेंडू न्यावा, प्रतिपक्षाच्या गड्यास हुलकावणी द्यावी आणि चेंडू आपल्या सोबत्यापुढें नेमका टाकावा, हें मॅथ्यूजचें कौशल्य. १९५३ सालीं वेम्बलीच्या मैदानावर एफ. ए. चषकाचा अंतिम सामना झाला. त्याचा ब्लॅकपूल संघ बोल्टनविरुद्ध १-३ असा मागें पडला होता. तो अखेर ४-३ असा जिंकला. मॉर्टेन्सननें तीन गोल केले, निर्णायक गोल पेरीनें केला. मॅथ्यूजनें एकहि केला नाहीं. तरीहि लोक त्यास ‘मॅथ्यूजचा सामना’ म्हणूं लागले.

पुढें १९५६ सालीं ‘फ्रान्स फुटबॉल’ ह्या नियतकालिकानें यूरोपांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूस सुवर्णकंदुक देण्याची प्रथा पाडली. निवड पत्रकारांच्या मतांनीं होई. त्याच वर्षीं रिआल माद्रिदनें पहिला यूरोपीय चषक जिंकला होता व त्यांत डी स्टेफानोचा मोठा वाटा होता. उलट, इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीचें अजिंक्यपद मॅथ्यूजला उभ्या आयुष्यांत लाभलें नाहीं. तरीहि मॅथ्यूजला ४७ व डी स्टेफानोला ४४ गुण मिळाले. मॅथ्यूज तेव्हां एकेचाळीस वर्षांचा होता.

हा जेत्यावर अन्याय नव्हे काय, असें कोणी विचारील. डी स्टेफानोची थोरवी निर्विवाद होती. पुढच्याच वर्षीं तो मान त्यालाहि मिळाला. परंतु गोल मोजतां येतात, आणि गोल घडवून आणणाऱ्याचें कसब पाहावें लागतें. त्या पत्रकारांनीं तें पाहिलें. पंचांना ज्यास कधीं ताकीद द्यावी लागली नाहीं, त्या मॅथ्यूजला १९६५ सालीं ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षीं पन्नाशी उलटल्यावर तो आपला शेवटचा लीग सामना खेळला.

शिक्षकबंधूंनो, यंदा बक्षीस देण्यापूर्वीं गोल करणाऱ्या मुलाला एवढेंच विचारा, “बाळ, चेंडू तुला कोणीं दिला?”