बर्फावरचे रक्ताचे ठसे: एका चित्राचा उलटा माग

बर्फात अनवाणी धावणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. विम हॉफ या डच गृहस्थाने २००७ मध्ये फिनलंडला बर्फावरून अनवाणी अर्धमॅरेथॉन पूर्ण केली होती. पण तो हौसेचा मामला. माझ्या थिसिसमधले लोक हौसेने अनवाणी नव्हते. त्यांना बूटच मिळाले नव्हते.

माझा विषय अठराव्या शतकातल्या सैन्यांचा पुरवठा. पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाबद्दल एक वाक्य ठोकून दिलं: ‘व्हॅली फोर्जला जाणाऱ्या सैनिकांच्या अनवाणी पायांचे रक्ताळलेले ठसे बर्फावर उमटले होते.’ सोबत स्लाइडवर विल्यम ट्रेगोचं १८८३ चं चित्र. गाईडनी एवढंच विचारलं, “बर्फ कुठून आणलंस?” मी चित्राकडे बोट दाखवलं आणि त्याच क्षणी चूक लक्षात आली. घटना १७७७ ची, चित्र १०६ वर्षांनंतरचं.

मग मी माग काढायला उलटा निघालो. तो प्रवास सांगतो, कारण तुमच्या विषयातही असं एखादं वाक्य असणारच, सगळ्यांना माहीत असलेलं आणि कुणीच न तपासलेलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर १७७७ मध्ये ब्रिटिशांनी फिलाडेल्फिया घेतलं. वॉशिंग्टनचं सैन्य १९ डिसेंबरला तिथून साधारण तीस किलोमीटरवरच्या व्हॅली फोर्जला हिवाळी तळासाठी पोचलं. चारच दिवसांनी, २३ डिसेंबरला, वॉशिंग्टनने काँग्रेसचा अध्यक्ष हेन्री लॉरेन्स याला पत्र लिहिलं. त्यात एक आकडा आहे: त्या दिवशीच्या हजेरीनुसार २,८९८ माणसं अनवाणी आणि एरवीही उघडीवाघडी असल्याने कामाला निकामी.

हा आकडा हाती आला की उडी मारावीशी वाटते. मारू नका. पहिली गोष्ट, इथे पाय आणि कपडे एकाच रकान्यात आहेत. नुसते अनवाणी किती, हे या आकड्यातून निघत नाही. दुसरी गोष्ट, त्या काळच्या इंग्रजीत ‘उघडा’ म्हणजे पुरेसे कपडे नसलेला, नागडा नव्हे. तिसरी, हे पत्र मागणीचं आहे. पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेने सैन्य हिवाळी तळावर नेण्याबद्दल तक्रार केली होती. वॉशिंग्टन चिडून लिहितो की उबदार खोलीत शेकोटीजवळ बसून निषेधाचे खलिते लिहिणं सोपं. उजाड टेकडीवर कपड्यांवाचून हिमात झोपणं वेगळं. म्हणजे हिम पत्रात आहे, पण ते आलंय भांडणाच्या वाक्यात.

वेन बोडल या इतिहासकाराने २००२ च्या पुस्तकात नेमका हाच मुद्दा धरला: तळावरून गेलेली पत्रं राजकीय दबावासाठीही लिहिलेली होती. मला हे पटतं, पण अर्धंच. गरजू माणूस गरज वाढवून सांगतो म्हणून गरज खोटी ठरत नाही. २२ नोव्हेंबरच्या सैनिकी आदेशात वॉशिंग्टनने कच्च्या चामड्यापासून बुटांना सर्वांत चांगला पर्याय करून दाखवणाऱ्याला दहा डॉलर बक्षीस जाहीर केलं होतं. हा आदेश काँग्रेसला दाखवण्यासाठी नव्हता, छावणीतल्याच लोकांसाठी होता. ज्याला कुणाचं मन वळवायचं नाही असा कागद सापडला की मला हायसं वाटतं.

आता रक्त. २१ एप्रिल १७७८ ला जॉन बॅनिस्टरला लिहिलेल्या पत्रात वॉशिंग्टन म्हणतो की बुटांवाचून चालणाऱ्या सैनिकांची वाट त्यांच्या पायांच्या रक्तावरून शोधता आली असती. पुढे अन्नाच्या टंचाईचा उल्लेख येतो आणि मग गारठ्यातून, हिमातून केलेल्या कूचाचा. रक्त एका उपवाक्यात, हिम पुढच्या. दोन्ही एकत्र कालवले आपण, वाचणाऱ्यांनी.

दुसरा साक्षीदार जोसेफ प्लंब मार्टिन, कनेक्टिकटच्या पलटणीतला साधा शिपाई. तेव्हा वय सतरा. त्याने कच्च्या गाईच्या चामड्याचा तुकडा मिळवून स्वतःच मोकासिन शिवले. त्यांच्या कडक कडांनी त्याचे घोटे असे सोलून निघाले की पुढे ते घालणंही मुश्कील झालं; पण दुसरा पर्याय म्हणजे शेकडो सोबत्यांसारखं अनवाणी चालणं आणि मागे रक्ताची खूण सोडणं. कशावर? बर्फावर नाही. खडबडीत, गोठलेल्या जमिनीवर.

मार्टिनच्या आठवणी छापल्या गेल्या १८३० मध्ये, म्हणजे घटनेनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. आपल्याकडे राजवाड्यांनी बखरींवर जो संशय घेतला आणि मूळ पत्रांचा आग्रह धरला, तो इथे आठवायला हवा. पण चामड्याच्या कडांनी सोललेले घोटे ही ऐकीव गोष्ट वाटत नाही. अशी बिनमहत्त्वाची, स्वतःचीच गैरसोय सांगणारी बारकाई मी जास्त विश्वासाने घेतो.

हवामानही त्याच्या बाजूने बोलतं. तो हिवाळा फार कडक नव्हता. खरा भयंकर हिवाळा १७७९-८० चा, मॉरिसटाउनचा. व्हॅली फोर्जला थंडी आणि वितळण आलटूनपालटून होती. विचार करा: चिखलात गाड्यांच्या चाकांनी चर पडतात, रात्री ते दगडासारखे गोठतात. मऊ बर्फापेक्षा अशी जमीन तळपायाला जास्त कापते. शिवाय गारठ्याने बधिर झालेल्या पायाला कापल्याचं कळतही नाही.

इथे मी जरा आपल्या शाखेबाहेर डोकावलो. १९६०-६१ च्या हिलरींच्या ‘सिल्व्हर हट’ मोहिमेत ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञाने एका नेपाळी यात्रेकरूचा अभ्यास केला होता. हा पस्तिशीतला माणूस सुमारे पाच हजार मीटरवर बर्फात अनवाणी वावरत होता आणि त्याला हिमदंश झाला नाही. शेवटी त्याला खाली उतरावं लागलं ते पायाच्या बोटांना पडलेल्या खोल भेगांमुळे. त्यातली एक चिघळली होती. एका माणसावरून पलटणीचं अनुमान काढता येत नाही. पण गारठ्यात सरावलेला पायही शेवटी कातडीपाशी हार खातो, एवढं तरी दिसतं.

मग बर्फावरचं रक्त कुठलं? ते मला सापडलं एक वर्ष आधी, ट्रेंटनच्या वाटेवर. २५ डिसेंबर १७७६ ला जेम्स विल्किन्सन सैन्यामागून निघाला होता. १८१६ च्या आठवणींत तो लिहितो की जमिनीवर थोडं हिम होतं आणि फाटके बूट घातलेल्यांच्या पायांच्या रक्ताने ते जागोजागी लाल झालं होतं. फाटके बूट, लक्षात घ्या, अनवाणी नव्हे. (हा विल्किन्सन पुढे स्पेनकडून गुपचूप पैसे घेत होता हे सिद्ध झालंय. पण या वाक्यात खोटं बोलून त्याला काय मिळणार होतं?)

ट्रेंटनचं हिम आणि व्हॅली फोर्जच्या वाटेवरचे अनवाणी पाय लोकांच्या आठवणीत एक झाले. ट्रेगोने रंगवलं ते बहुधा हे एकत्र झालेलं दृश्य.

पुढच्या सेमिनारला हे सगळं मांडलं तेव्हा एक जण म्हणाला, “म्हणजे ती दंतकथाच.” मला राग आला, खरं सांगतो. त्या तळावर सुमारे दोन हजार माणसं मेली, बहुतेक रोगराईने, आणि त्यातली बरीच मार्च ते मे दरम्यान, बर्फ सरल्यावर. चित्रातलं हिम काढून टाकलं म्हणून त्यांचे पाय बरे होत नाहीत. क्वार्टरमास्टर जनरल मिफ्लिनने ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला आणि मार्चमध्ये नॅथनेल ग्रीन येईपर्यंत ती जागा धडपणे भरलीच गेली नाही. माझ्या प्रकरणाचा खरा विषय हा रिकामा हिवाळा आहे आणि चित्राच्या नादात तोच माझ्या स्लाइडवरून गायब होता.

आता माझ्या मसुद्यात ते वाक्य असं आहे: ‘शेकडो सैनिक गोठलेल्या, खडबडीत जमिनीवरून अनवाणी चालले, असं मार्टिन सांगतो.’ ट्रेगोचं चित्र तळटीपेत गेलंय. गाईडनी समासात पेन्सिलने लिहिलंय: ‘शेकडो? मार्टिनने मोजले होते का?’