नाव बदलणार नाही!

या आठवड्यात आमच्या प्रॉडक्टचं नाव तिसऱ्यांदा बदललं. कुणी हूं की चूं केलं नाही, मीही नाही. तेव्हा डेट्रॉइटचे हॅकनी बंधू आठवले.

डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस. आजूबाजूची कृष्णवर्णीय पोरं मोटाउन नि फंक वाजवत असताना हे तिघे घरातल्या खोलीत कानठळ्या बसवणारं, सुसाट रॉक वाजवायचे. वडील अपघातात गेले आणि डेव्हिडने बँडचं नाव ठेवलं 'डेथ'. मरण म्हणजे शेवट नव्हे, असं त्याला सांगायचं होतं.

१९७५ मध्ये सात गाणी रेकॉर्ड झाली. रामोन्सचा पहिला अल्बम यायला अजून एक वर्ष होतं, बघा! बड्या कंपनीची अट एकच: नाव बदला. डेव्हिड नाही म्हणाला. झालं, व्यवहार फिसकटला. १९७६ मध्ये पदरमोड करून एका सिंगलच्या ५०० प्रती काढल्या. पुढे बँड मोडला. मूळ टेप्स बॉबीकडे सोपवून २००० मध्ये डेव्हिड कॅन्सरने गेला.

नंतर ते सिंगल रेकॉर्ड जमवणाऱ्या मंडळींत फिरू लागलं. एका पार्टीत बॉबीच्या मुलाने गाण्यातला बापाचा आवाज ओळखला! २००९ मध्ये ड्रॅग सिटीने ती सातही गाणी काढली, 'डेथ' याच नावाने.

डेव्हिड जिंकला म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्या हट्टाची किंमत भावांनीही मोजली. पण नाव बदलून मिळालेलं यश त्याचं असतं का?

असो. सोमवारी मला अख्ख्या कोडमध्ये जुनं नाव शोधून नवं टाकायचंय.