साथीच्या काळातील भेटीगाठी



साथीत माणसाने माणसापासून दूर राहावे, हे कोरोनानेच प्रथम शिकविले असे आपणांस वाटत असेल, तर हिजरी सन १८, म्हणजे इ. स. ६३९ कडे पाहावे. त्या सुमारास शाम देशात अमवास येथे ताऊन, अर्थात प्लेग, पसरला. तिकडे निघालेले हजरत उमर (र.) वाटेत सरग येथे वार्ता कळताच सल्लामसलत करून मागे फिरले. साथीच्या गावी जाऊ नये आणि तेथून पळून बाहेरही पडू नये, ही रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण त्यांना तेथेच ऐकावयास मिळाली. पुढे सेनापती हजरत अबू उबैदा (र.) साथीत वारले. अखेर हजरत अम्र बिन आस (र.) यांनी लोकांस डोंगरांवर पांगविले व साथ ओसरली.

आपल्या मुलखातही गाठीच्या प्लेगात लोक गाव सोडून शेतात, माळावर झोपड्या घालून राहत. साथ सरली की चुली पुन्हा गावात पेटत.

मुंबईत मात्र निराळे घडले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. रोग्यास जबरदस्तीने घरातून हलविण्याचा हुकूम ऑक्टोबरात निघाला, आणि त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये जुलाहा मोमिनांच्या वस्तीत एका आजारी मुलीस नेण्यावरून दंगल पेटली. हे लोक अडाणी होते म्हणून असे वागले, हे मत मला मान्य नाही. पडद्यातील लेक परक्याच्या हाती द्यायची आणि तिची पुन्हा भेट होईल की नाही हे ठाऊक नाही, अशा वेळी कोणता बाप स्वस्थ बसेल? ज्या जमातींनी आपली स्वतःची इस्पितळे उघडली, तेथे आपली माणसे शुश्रूषेस असल्याने भय पुष्कळ कमी झाले. तरुण आगाखानांनी तर चारचौघांत हाफकिनची लस टोचून घेतली, तेव्हा खोजा बांधवही पुढे आले.

४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर निघाला. त्या वर्षीची ईद, २५ मे रोजी, आपण घरीच नमाज पढून साजरी केली. ना मुसाफहा, ना गळाभेट. बाजार बंद. एप्रिलमध्ये कारखान्यांवरून परतलेल्या आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांना काही दिवस वेगळे राहावे लागले, जणू माळावरची जुनी झोपडीच! मशिदी १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडल्या, पुढील एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाल्या व ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडल्या. सफा पूर्ववत जुळल्या, ईदची गळाभेट आली, लग्नांतील गर्दीही आली. मोठ्यांना जुनी सवय होती, ती त्यांनी उचलली.

पण ज्या मुलाची कसलीच सवय झाली नव्हती, त्याचे काय? जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या खेड्यातील मुलास वर्गात बसावयास १ डिसेंबर २०२१ उजाडला, तेव्हा ते दुसरीत होते. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही दिवस बंद! भांडण मिटविणे, पाळी येईपर्यंत थांबणे, शेजाऱ्यास पेन्सिल देणे हे सारे पहिलीच्या वर्गात आपोआप होते. त्याचा धडा कोणत्याही मोबाईलवर नसतो. आपल्या घरी त्या वयाचे मूल असेल, तर पहिलीत तुझ्या शेजारी कोण बसत असे, एवढे त्यास विचारून पाहा.